मनाच्या आजाराचे औषध आणि घरचा जमाखर्च
(वार्षिक संमेलनातील भाषण)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आम्ही डॉक्टर नाही. गोंदियाच्या बाजारात तीसएक वर्षे औषधांचे दुकान चालविणारे एक साधे दुकानदार आहोत. तेव्हा रोगनिदानावर भाष्य करणे आम्हांला शोभणार नाही. परंतु दुकानाच्या फळीमागे उभे राहून माणूस औषधासाठी खिशात हात कसा घालतो आणि कोणत्या औषधाच्या वेळी तो हात आखडतो, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. तेवढ्या अनुभवाच्या बळावर आज आम्ही अशा एका आजाराच्या औषधाविषयी बोलणार आहोत, की ज्याचे नाव घरातही हलक्या आवाजात घेतले जाते. तो आजार म्हणजे नैराश्य, ज्याला डॉक्टर मंडळी डिप्रेशन म्हणतात.

घरात मृत्यू झाला, पीक बुडाले, मुलीची सोयरीक मोडली, म्हणजे मन खिन्न होणारच. त्याला कोणी आजार म्हणत नाही. परंतु दोन-दोन आठवडे आणि त्याहूनही अधिक काळ ज्याला अन्न गोड लागत नाही, पहाटे तीन वाजता जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, बांधीवर जाण्याचे पाय उचलत नाहीत, लेकराने हाक मारली तरी बरे वाटत नाही आणि 'आपण नसतो तर बरे' असे ज्याच्या मनात वारंवार येते, त्याला आळशी किंवा बाहेरची बाधा झालेला म्हणून चालणार नाही. त्याला उपचार हवा आहे. उपचार म्हणजे केवळ गोळी नव्हे, समुपदेशनही त्यात येते. पण ज्याला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्याच्या घरी ती गोळी महिन्यामागून महिना येत राहील कशी, एवढाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल की, एके काळी क्षयाचे नावही असेच लपविले जाई. घरात क्षय आहे असे कळले की सोयरिकी मोडत. पुढे औषधे निघाली, सरकारने ती फुकट देण्यास आरंभ केला, आणि आज क्षयाच्या गोळ्या घेण्यास माणूस उघडपणे दवाखान्यात जातो. नैराश्याच्या औषधाचा उगमही क्षयाच्याच दवाखान्यातला आहे, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांना नवी वाटेल. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनायझिड नावाचे औषध क्षयरोग्यांना देऊन पाहात असता, खाटेला खिळलेले रोगी हसू-बोलू लागल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या डॉक्टरांनी इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला मान्यता मिळाली, आणि त्यानंतर त्याच घराण्यातील सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे औषधे आली. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर आज हीच नावे बहुधा असतात.

आता भावाची गोष्ट. औषध शोधणाऱ्या कंपन्यांच्या हाती जोवर एकाधिकार असतो, तोवर ते गरिबाच्या आवाक्यात येत नाही. आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरचा एकाधिकार काढून टाकला आणि केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवरचा ठेवला. हा कायदा १९७२ पासून अमलात आला. त्यामुळे निरनिराळ्या पद्धतींनी तेच औषध बनविणारे पुष्कळ कारखाने देशात उभे राहिले. २००५ मध्ये पदार्थावरचे पेटंट परत आले, परंतु आम्ही वर नावे घेतलेली औषधे त्या तडाख्यातून सुटली. आज त्यांतले एकही औषध कोणा एकाच्या मालकीचे नाही.

मग ते महाग का पडते? येथे दुकानदार या नात्याने आम्ही थोडे खुलाशाने बोलणार आहोत, आमच्या व्यवसायबंधूंना ते कदाचित रुचणार नाही. एकच औषध अनेक कंपन्या आपापले नाव ठेवून विकतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा हे कंपनीचे नाव असते. औषधाचे मूळ नाव पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते गिऱ्हाईक वाचीत नाही. एका नावाच्या पट्टीत आणि दुसऱ्या नावाच्या पट्टीत तेच औषध तितकेच मिलिग्रॅम असूनही भावात मोठा फरक असतो. रोज एक गोळी धरली तर वर्षाला ३६५ गोळ्या, म्हणजे दहाच्या साडेछत्तीस पट्ट्या होतात. पट्टीमागे ५० रुपयांचा फरक धरा. वर्षाला १,८२५ रुपये होतात. धानाच्या शेतीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

म्हणून पहिले काम असे की, डॉक्टरांसमोर बसले असताना हात जोडून स्पष्ट विचारावे, "डॉक्टरसाहेब, याचे मूळ नाव काय, आणि याच गुणाचे स्वस्तातले औषध चालेल काय?" विचारण्यात अपमान नाही. औषधे शक्यतो मूळ नावाने आणि सुवाच्य अक्षरांत लिहावीत, असा नियम वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्ये घालून दिलेला आहे. पुष्कळदा डॉक्टरांना रोग्याची ऐपत ठाऊक नसते. आपण चांगले कपडे घालून दवाखान्यात जातो, मग त्यांनी तरी कसे ओळखावे? तथापि औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच असला पाहिजे. दुकानदाराने परस्पर एकाऐवजी दुसरे औषध देऊ नये आणि गिऱ्हाईकाने मागू नये. मोठ्या मात्रेची गोळी लहान मात्रेच्या गोळीहून दुप्पट महाग बहुधा नसते, म्हणून मध्ये रेघ असलेली गोळी अर्धी करून घेण्याची युक्ती काही जण करतात. तीही डॉक्टरांना विचारूनच करावी, आणि कॅप्सूलच्या बाबतीत ती मुळीच करू नये.

दुसरे स्थान जनऔषधि केंद्र. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली, २०१५-१६ मध्ये तिला नवे रूप आले, आणि आज देशात पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत. तेथे औषधे मूळ नावाने मिळतात, आणि बाजारातील नामांकित पट्टीपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, असे सरकार सांगते. आमचा स्वतःचा अनुभवही त्याच्याशी जुळणारा आहे. आमचे गिऱ्हाईक तिकडे जाते, हे ठाऊक असून आम्ही हे सांगत आहोत. आपल्या तालुक्याजवळचे केंद्र कोठे आहे, हे 'जनऔषधि सुगम' या मोबाइलवरील सोयीत पाहता येते. घरातला शाळकरी मुलगा ते पाच मिनिटांत शोधून देईल. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून औषध शिल्लक आहे की नाही, हे मात्र विचारावे. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्या तारखेपूर्वी छापलेली जुनी किंमत कोणी मागू लागला तर तेवढे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

तिसरी वाट सरकारी रुग्णालयाची, आणि हीच आपणांस सर्वांत कमी ठाऊक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमात असे म्हटले आहे की, आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे मनाच्या आजाराच्या रोग्याला सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्वकाळ विनामूल्य मिळाली पाहिजेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ग्रामीण रुग्णालयापासून वर. आता ती यादी पाहू. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत नैराश्यासाठी तीन औषधे आहेत: अमिट्रिप्टिलिन, एस्सिटॅलोप्रॅम आणि फ्लुओक्झेटिन. म्हणजे बाजारात ज्यांच्यासाठी लोक पदरमोड करतात, त्यांतली दोन प्रमुख औषधे कायद्याने फुकट आहेत. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या बांधवांनी ही तीन नावे कागदावर लिहून घ्यावीत. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचारही निःशुल्क केले. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालेले आहे, तेथे जाताना केसपेपरचे थोडे पैसे जवळ असावेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा तर १९९६ पासूनचा आहे. त्याचे डॉक्टर कोणत्या वारी कोठे बसतात, याची चौकशी ग्रामीण रुग्णालयात करावी.

कायद्यात आहे म्हणजे खिडकीवर मिळेलच, असे आम्ही म्हणणार नाही. 'साठा संपला' हे दोन शब्द आम्हीही ऐकलेले आहेत. अशा वेळी भांडण न करता, औषध उपलब्ध नाही असे केसपेपरवर लिहून मागावे. ज्याने लिहून द्यायचे असते, तो पुष्कळदा आत जाऊन पुन्हा एकदा कपाट पाहून येतो, हा अनुभव आहे.

विम्याविषयी थोडक्यात सांगतो. शारीरिक आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा कंपनीने संरक्षण द्यावे, असे याच कायद्याचे एकविसावे कलम सांगते. परंतु बहुतेक विमे आणि सरकारी आरोग्य योजना रुग्णालयात भरती झाल्यावरच कामी येतात. घरी बसून घ्यावयाच्या रोजच्या गोळीला त्यांचा फारसा उपयोग नाही. रेल्वेतील नोकरदार व निवृत्त मंडळींना मात्र रेल्वेच्या दवाखान्याची सोय आहे; त्यांनी ती वापरावी.

आता आम्ही मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या दुकानात बालाघाटकडचे आणि राजनांदगावकडचे गिऱ्हाईक या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन येते, आणि गोंदियातील आपले लोक त्याच चिठ्ठ्या घेऊन नागपूर गाठतात! कारण एकच. बाजारातला दुकानदार ओळखीचा, कदाचित आपल्याच समाजाचा; त्याला कळले तर वधूवर मेळाव्यात मुलीच्या नावापुढे काय कुजबूज होईल, याची धास्ती. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. रोग्याचे आणि सोबतच्या माणसाचे भाडे, दोघांची बुडालेली मजुरी, तेथला चहा-फराळ, हे सर्व त्या एका पट्टीच्या भावात मिळवा, म्हणजे औषध महाग कोठे होते ते दिसेल. पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांना दाखविण्यासाठी नागपूरला जाणे समजू शकते; तेथले प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे जुने आहे आणि त्याच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी उगीच भीतीची आहे. परंतु दरमहा तीच गोळी आणण्यासाठी एवढा खर्च करणाऱ्या घरात चौथ्या महिन्यात गोळी बंद होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे.

बंद होण्याचा काळही ठरलेला असतो. धानाचा चुकारा हाती आला की घरात पैसा असतो. तेव्हा पूर्ण महिन्याच्या पट्ट्या जातात. रोवणीचे दिवस आले, मजुरांना रोख द्यावी लागली, खताची गोणी आणावी लागली, की आषाढ-श्रावणात तेच गिऱ्हाईक येऊन म्हणते, "भाऊ, चार दिवसांच्या द्या, पुढे पाहू." चार दिवस संपतात, आणि ते पुन्हा येत नाही. याहून विचित्र प्रकार असा की, चिठ्ठीवर नैराश्याची गोळी आणि झोपेची गोळी अशी दोन औषधे असली आणि पैसे अपुरे पडले, तर माणूस झोपेचीच तेवढी मागतो. कारण तिचा गुण त्याच रात्री येतो, आणि दुसरीचा येण्यास दोन ते चार, कधी सहा आठवडेही लागतात. वास्तविक जी रोगावर काम करते ती पट्टी फळीवर राहते, आणि जिची सवय जडते ती घरी जाते. निवड करण्याची पाळीच आली तर ती डॉक्टरांना विचारून करा, एवढे आमचे मागणे आहे.

त्याचप्रमाणे बरे वाटू लागले म्हणजे औषध संपले, असेही नाही. बरे वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर डॉक्टर ते चालू ठेवावयास सांगतात, आणि थांबवायचे झाल्यास हळूहळू कमी करतात. एकदम तोडल्यास चक्कर, बेचैनी, झोप उडणे असा त्रास होतो, आणि आजार उलटला तर सारा खर्च पहिल्यापासून करावा लागतो. ज्यांच्या घरी वर्षातून एक-दोनदाच पैसा येतो त्यांनी चुकारा मिळताच दोन-तीन महिन्यांची तजवीज करून ठेवावी असे आम्ही म्हणतो. मात्र येथे एक इशारा दिलाच पाहिजे. ज्याचे मन जीवावर उदार झालेले आहे, त्याच्या उशाशी गोळ्यांचा साठा ठेवू नये. विशेषतः अमिट्रिप्टिलिनच्या गोळ्या एकाच वेळी पुष्कळ घेतल्या गेल्यास जीव जाऊ शकतो. साठा घरच्या दुसऱ्या जबाबदार माणसाजवळ कुलपात असावा, आणि त्याने दर दिवशी किंवा आठवड्याची मोजून द्यावी. औषध सुरू केल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत, तरुण मुलामुलींच्या बाबतीत तर अधिकच, घरच्यांचे लक्ष असावे. अडीअडचणीच्या रात्री बोलण्यास कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तेथे मराठीत बोलता येते.

कोणी म्हणेल, हा आजार आपल्याकडे कोठे आहे? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. तीत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या जिल्ह्याला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती. निरनिराळ्या मानसिक आजारांच्या शंभर रोग्यांपैकी ७० ते ९२ जणांना उपचारच मिळत नव्हता, असे त्या पाहणीत आढळले. हे चित्र बदलता येते, याचा पुरावाही आपल्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराविषयी बोलावयास आरंभ केला, समुपदेशक नेमले, डॉक्टरांशी गाठ घालून दिली. नैराश्याच्या शंभर रोग्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. २०१७ मध्ये हा वृत्तांत 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे कोणी नवे औषध शोधले नव्हते.

आता मंडळापुढे आमची एक विनंती आहे. आपला वैद्यकीय साहाय्य निधी चांगले काम करतो. परंतु नियमाप्रमाणे भरती झाल्याचे बिल जोडल्यावाचून मदत मिळत नाही, आणि मदत घेणाऱ्यांची नावे गावासह वार्षिक अहवालात छापली जातात. शस्त्रक्रिया झालेल्या बांधवाचे नाव छापले तर त्यात वावगे काही नाही. नैराश्याचा रोगी मात्र भरती होत नाही, त्यामुळे त्याच्यापाशी बिल नसते; आणि नाव छापले जाणार असेल तर तो दारातही येणार नाही. तेव्हा आम्ही असे सुचवितो की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन ते सहा महिन्यांच्या औषधाची रक्कम, शक्य तर जनऔषधि केंद्राच्या भावाने, निधीतून परस्पर दुकानदाराला द्यावी. चिठ्ठी केवळ चिटणीस आणि समाजातील एक डॉक्टर या दोघांनीच पाहावी. अहवालात फक्त एकूण रक्कम यावी, नाव नाही, गाव नाही, आजारही नाही. रोवणीच्या दोन महिन्यांत येणारे अर्ज सर्वांत आधी निकालात काढावेत.

हा ठराव आजच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर आहे. कोषाध्यक्षांकडे आम्ही या खात्यासाठी आमचा वाटा सकाळीच जमा केला आहे, आणि देणगीदारांच्या यादीतही त्याच्यापुढे नाव घालू नये, असे त्यांना सांगून ठेवले आहे. जेवणानंतर ज्यांना आपली चिठ्ठी दाखवून मूळ नाव विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी आम्ही ग्रंथालयाच्या खोलीत चार वाजेपर्यंत बसलो आहोत. खोलीला मागच्या अंगणातूनही दार आहे.